परातीतली नदी

परातीला कोणी काही विचारत नाही. पीठ मळून झालं की तिला धुतात आणि शिक्षा केल्यासारखी भिंतीला टेकवून उभी ठेवतात. मीही तशीच उभी आहे, पिंपरी गावात, मारुतरावांच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. इथून मला सगळं दिसतं आणि ऐकूही येतं. बरीच वर्षं गप्प बसले, आज बोलते.

माझा जन्म सिंधमधल्या शिकारपूरचा. एका म्हाताऱ्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. काम मनासारखं झाल्याशिवाय तो जेवायला उठत नसे. माझ्यापायी त्याची बरीच जेवणं हुकली, हे मी जरा तोऱ्यातच सांगते. तिकडे मला थाल म्हणत. खेमीबाईच्या लग्नात तिच्या आईने मला आंदण म्हणून दिलं, तेव्हापासून मी खेमीबाईची.

मला कामं दोन. रोज कणीक मळायची, आणि अमावस्या सरून चंद्रकोर दिसली की झूलेलालचा दिवा मिरवायचा. झूलेलाल म्हणजे आम्हा सिंध्यांचा पाण्याचा देव. खेमीबाई माझ्यात कणकेचा पाच वातींचा दिवा मांडी, भोवती तांदूळ, लवंगा, खडीसाखर, आणि एका बाजूला गोड भात. मला डोक्यावर घेऊन ती गात गात पाण्यावर जाई आणि पत्रावळीवर ठेवून दिवा प्रवाहात सोडी. तो वाहत जाऊन दिसेनासा झाला की मागणं देवाला पोचलं. उरलेला भात मग घरी नेऊन सगळ्यांनी खायचा.

फाळणी झाली आणि घर सोडायची वेळ आली. मालक म्हणाले, "हे जड धूड कशाला?" खेमीबाईने गादी पसरली. मला गादीत गुंडाळलं आणि गादी बोटीत चढवली. आपल्या देशात चाललोय, असं बोटीवर सगळे एकमेकांना सांगत होते. उतरल्यावर कळलं की या आपल्या देशात आपली भाषा कोणाला येत नाही, आपली भाजी कोणी खात नाही आणि आपल्याला सगळे निर्वासित म्हणतात. तो शब्द खेमीबाईला चपराक बसल्यासारखा लागे. कल्याणच्या छावणीत मालक तापाने गेले. पुढे खेमीबाई, तिचा मुलगा परसराम, सून देवी आणि मी असे पिंपरीच्या छावणीत आलो.

इथे लांबच लांब बराकी. दोन घरांच्या मधे भिंत म्हणून गोणपाट टांगलेलं. एकाला खोकला आला की दहाजणांची झोप उडे. देवीचं पहिलं बाळ तिथेच, ऐन थंडीत, त्या गोणपाटाआड गेलं. तिला मोकळेपणाने रडताही आलं नाही, कारण पलीकडच्या घरात त्या दिवशी पाहुणे होते. ते मी विसरलेले नाही.

देवीला पुन्हा दिवस गेले, तेव्हा खेमीबाईने ठरवलं, हे बाळ चार भिंतींच्या आतच जन्मेल. ती खोली शोधायला लागली. परसराम औषधांच्या नव्या कारखान्याच्या बांधकामावर जाई, त्याला सवड कुठली? खेमीबाई एकटीच दारोदार फिरे. कोणी विचारी, "मासे खाता का?" कोणी म्हणे, आजच दिली खोली. संध्याकाळी येऊन ती माझ्यात कणीक मळायला बसे. त्या दिवसांत तिची मूठ माझ्यावर अशी आपटे की मला शिकारपूरचा हातोडा आठवे.

शेवटी गावात पवना नदीच्या काठी छबूबाईचं दार उघडलं. छबूबाई म्हणजे मारुतरावांची कारभारीण, शेतात राबणारी, आवाजाने खणखणीत. तिची गोठ्याशेजारची खोली वैरणीने भरलेली होती. मारुतराव नको नको म्हणत होते. छबूबाईने देवीच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोरगी अवघडल्याली हाय. तिला न्हाई म्हनू व्हय? अवस होऊन जाऊ द्या, मग या."

अवस म्हणजे अमावस्या. ती झाली की आमचा दिव्याचा दिवस. खेमीबाईचा पाय जमिनीवर ठरेना. खोली मिळाली, तर देवाचे आभार मानायला नकोत? चंद्रकोर दिसल्याबरोबर तिने मला डोक्यावर घेतलं, पवनेवर गेली आणि दिवा सोडला. दिवा झाडीआड गेला. पोचला, असं वाटून आम्ही दोघी निश्चिंत झालो.

दिवा पोचला नव्हता. गावाच्या अंगाला, छबूबाई जिथे धुणं धुते तिथल्या लव्हाळ्यात तो अडकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान घेऊन छबूबाईच्या अंगणात उभे राहिलो. मी खेमीबाईच्या डोक्यावर, माझ्यात कालचा गोड भात फडक्याखाली झाकलेला. नव्या घरात पहिला घास छबूबाईला द्यायचा, असं तिने ठरवलं होतं. पण छबूबाई दारात डोकं धरून बसलेली.

"कुनीतरी उतारा टाकलाय माझ्या धुन्याच्या दगडापाशी," ती म्हणाली. "पिठाचा दिवा, तांदूळ, लवंगा. पहाटं बघितलं आन् अंगावर काटाच आला. तवापास्नं म्हशीनं पान्हा चोरलाय. थेंब देईना."

उतारा म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आपल्या घरातली पीडा उतरवून बाहेर नेऊन टाकायची, आणि जो ती ओलांडेल त्याच्या मागे लागायची. खेमीबाईला मात्र ठाऊक नव्हतं. तिच्या कानी फक्त पिठाचा दिवा पडला आणि बिचारीचा चेहरा उजळला.

"तो माझा दिवा!" ती हौसेने म्हणाली. "मीच सोडला बाई. तुमच्या घरासाठी मागितलं. म्हशीसाठी पण मागितलं!"

 मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी पडले परात.

मारुतराव पुढे आले. "ऐकलंस? म्हशीचं नाव घेऊन सोडलाय! आमी जागा द्यायची आन् हिनं आमच्यावर करणी करायची? उचला बोचकी."

खेमीबाई गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली. परसराम कारखान्यावर रोज मराठी ऐके. त्याने खाली मान घालून तिला सिंधीत सांगितलं, की या लोकांना वाटतंय तू त्यांच्या वाईटावर दिवा टाकलास. खेमीबाईला मराठी जेमतेम येई. समजावून सांगायचं तर शब्द कुठून आणायचे? देवी बोचक्यावर बसली होती, दोन्ही हात पोटावर ठेवून. आता परत गोणपाटाआड जायचं, हे तिला कळून चुकलं होतं.

खेमीबाईने मला जमिनीवर ठेवलं. फडकं काढलं. "याच परातीत होता दिवा," ती अडखळत म्हणाली. "दिव्याजवळचा हा भात." तिने मूठभर भात उचलला आणि देवीच्या तोंडात घातला. दुसरा घास घातला. देवी रडत रडत गिळत होती, तरी खेमीबाई भरवत राहिली.

उताऱ्याच्या भाताला कोणी शिवत नाही, आणि गरवार सुनेला तर कोणी मेलं तरी भरवणार नाही. छबूबाई उठली. घाबरलेली होती ती, खोटं कशाला सांगू?  तरी तिने हात माझ्यापुढे पसरला.

"मलाबी दे."

"छबू!" मारुतराव ओरडले.

तिने डोळे मिटून घास गिळला. मग देवीचा दंड धरून तिला उठवलं आणि वैरणीच्या खोलीत नेलं.

मारुतरावांनी हात टेकले, पण अट घातली. "ऱ्हावा. पर नदीत काय बी सोडायचं न्हाई. पुन्यांदा दिवा दिसला तर त्याच दिवशी भाईर."

परसरामने अट सिंधीत सांगितली. खेमीबाईचं गाव गेलं, घर गेलं, नवरा गेला, तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं. नदीवरचा दिवा मात्र तिला स्वतः हो म्हणून द्यायचा होता. तिने खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि मान हलवली. मला तिचा फार राग आला. आणि त्याहून जास्त कीव आली.

देवीला मुलगी झाली, इथेच, दार लावून. छान दणदणीत रडते. म्हैसही हळूहळू दूध द्यायला लागली. मात्र तो घास गिळला म्हणून गावातल्या काही बायका छबूबाईच्या शेजारी धुणं धुवायला बसेनाशा झाल्या, त्या आजतागायत. ती त्याबद्दल आमच्यापाशी कधी बोलत नाही.

आता चंद्रकोर दिसली की खेमीबाई दार लावते. घागरभर पवनेचं पाणी माझ्यात ओतते आणि त्यात दिवा सोडते. अशा वेळी छबूबाई बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसते, म्हणजे मारुतराव तिकडे फिरकत नाहीत. खेमीबाई हळू आवाजात गाते. दिवा माझ्या काठापर्यंत जातो, आपटतो, मागे येतो. वाती विझेपर्यंत असाच फिरत राहतो. तो दिसेनासा होत नाही, आणि मागणं पोचलं असं काही तिला वाटत नाही. तिच्या चेहऱ्यावरून मला ते कळतं. मी हव्या तेवढ्या माणसांची कणीक मळून देईन हो, पण नदी होणं माझ्याच्याने होत नाही.

छावणीतल्या बायका अजून पवनेवर दिवे सोडतात. कधी काठाने जाताना लव्हाळ्यात अडकलेला एखादा दिवा तुम्हाला दिसला, तर घाबरू नका. काठीने त्याला जरासा पुढे ढकला.