सद्भावनेने दिलेली लाइन

"कंपनीने जे केलं, ते सद्भावनेने केलं," फोन कंपनीच्या वकिलाने तिसऱ्यांदा सांगितलं आणि ठाण्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसलेल्या कलावती कांबळेला हसू फुटलं.

"ताई, हसू नका. कंपनीची माणसं बघतायत," तिची वकील मेघना कुजबुजली.

"बघू देत. इतके दिवस त्यांनी ऐकलं, आता बघू देत."

वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या कारखान्यात कलावती पॅकिंगला होती. कंत्राटी बायकांना कायम करा म्हणून तिने संघटना बांधली आणि पोलीस चौकीतून बोलावणं आलं. चहाचा कप पुढे सरकवत तिथला अधिकारी म्हणाला, "जाईबाई कशा आहेत? केमोने तोंड आलंय ना? नारळपाणी द्या."

कलावतीने कप तसाच मागे सरकवला. जाईबाई म्हणजे तिची थोरली बहीण, कल्याणला राहणारी. तोंड आल्याचं जाईबाईने कलावतीला फक्त फोनवर, रडत रडत सांगितलं होतं.

कलावतीने हे बहिणीला सांगितलं आणि त्या दिवसापासून जाईबाईने फोनवर बोलणंच टाकलं. "जेवलीस का? बरं, ठेवते. कोण ऐकतंय, काय ठाऊक!" रविवारच्या सुट्टीत जाऊन जेवढं बोलणं होई तेवढंच. चार महिन्यांनी जाईबाई गेली.

कलावतीने फोन कंपनीवर दावा लावला. चौकीतून कंपनीला नुसता एक मेल गेला होता, फोन ऐकायच्या परवानगीचा आदेश नव्हताच. कंपनीने हे नाकारलं नाही. नाकारायची गरजच नव्हती. सरकारला सद्भावनेने मदत करणाऱ्या कंपनीवर दावा चालणार नाही, असं कलमच होतं. चोरासाठी शिडी धरणाऱ्याला कायद्याने शिडीसकट माफ केलं होतं. दावा दहा मिनिटांत निकाली निघाला.

बाहेर व्हरांड्यात कंपनीचे अधिकारी प्रशांत साळवी जवळ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

"मॅडम, पर्सनली घेऊ नका. आम्हाला वरून सांगतात, आम्ही करतो."

"कागद नव्हता ना?"

"मेल आलेला. त्यांना नाही म्हणा, असं आम्हाला कोण सांगणार?"

"ते कुणी सांगायला लागतं?"

साळवी घसा खाकरत म्हणाले, "आमच्याकडून काही मदत हवी असेल तर..."

"हवीय. माझ्या बहिणीचा आवाज माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर द्या."

साळवींचा चेहरा एकदम मोकळा झाला. या प्रश्नाचं उत्तर त्यांना पाठ होतं. "रेकॉर्डिंग आमच्याकडे नसतं, मॅडम. आम्ही फक्त पोलिसांना ऐकायला लाइन दिलेली. तेही रेकॉर्डिंग ठेवत नाहीत."

"म्हणजे परक्यांनी ऐकलं आणि पुसून टाकलं."

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. "कधीही फोन करा."

कलावतीने ते घेतलं नाही. शेवटी साळवींचा हात आपोआप खाली आला.

"अपील करायचं?" मेघनाने विचारलं.

"करायचं. कुठे सही करू?"

खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून तिने सही केली आणि रिक्षाने तडक कारखान्याचं गेट गाठलं. पाळी सुटत होती. डोक्यावरच्या टोप्या काढत बायका तिच्याभोवती जमल्या.

"काय झालं गं?"

"हरलो," ती म्हणाली.

समोर पानाच्या टपरीपाशी साध्या कपड्यातला चौकीतला एक माणूस मोबाइल वर धरून रेकॉर्डिंग करत उभा होता. कलावतीने त्याच्याकडे वळून पदर खोचला आणि पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. जाईबाईचं नावही तिने मोठ्याने घेतलं.