सुरुवातीला कोणी बोलू नये

“ताता, आज तुम्ही माईकला हात लावायचा नाही.” नाबोसानं बापाला पुन्हा बजावलं, तसा एरिफाझी भडकला.

“मग मी इथं कशाला बसलोय गं? मक्याची कणसं भाजायला?”

मसाका गावातल्या या पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये तो अर्धं आयुष्य पडद्याशेजारी बसून बोलत आला होता. परदेशी सिनेमे यायचे, लोकांना त्यांची भाषा कळायची नाही. एरिफाझी माईकवरून सगळं गावच्या लुगांडा भाषेत सांगायचा. नुसता अर्थ नाही. नावांच्या पाट्या चालू असतानाच तो जाहीर करून टाकायचा, ‘आज रुमाल काढून ठेवा,’ नाहीतर ‘हा टोपीवाला हसतोय, पण त्याच्यावर भरवसा ठेवू नका.’ लोक त्या तयारीनं बसायचे. सुरुवात नीट सांगितली की पुढचा सिनेमा आपोआप चालतो, असं त्याचं ठाम मत होतं.

आणि आज पोटच्या पोरीचा पहिला सिनेमा, तर बापानं तोंड शिवून बसायचं! सिनेमा लुगांडातच आहे म्हणे, सांगायला कशाला हवं?

“लोक तुझ्या नावावर आलेत,” हॉलचा मालक सेंपिजा त्याच्या कानाशी लागला. “त्यांनी चिडून बाकं मोडली तर भरून कोण देणार, तुझी पोरगी?”

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर पहाटेचं अंगण आलं. एक बाई खराट्यानं झाडत होती. गाणं नाही, बंदूक नाही, नावाची पाटीसुद्धा नाही. बाई झाडत राहिली. केळीच्या झाडांपर्यंत गेली, परत आली.

एरिफाझीच्या कपाळावर आठी चढली. अरे, काहीतरी दाखवा! भुताचा आहे, भांडणाचा आहे, लग्नाचा आहे, माणसानं समजायचं काय?

“ए एरिफा, झोपलास का?” मागून कुणीतरी ओरडलं. “रडायचं का हसायचं, तेवढं तरी सांग!”

“अंगण माझ्या घरीही आहे. चला रे!”

चारसहा माणसं उठली. शेंगांची टरफलं पडद्यावर येऊन आदळली. पलीकडे नाबोसा ओठ दाबून ताठ बसली होती. तिची मान खाली जायला लागली, आणि एरिफाझीला राहवेना. त्यानं माईक उचलला.

“बसा, बसा! ही आहे गावातली सगळ्यात आळशी बाई. नवऱ्यानं खराटा हातात दिलाय, पण झोप खराट्यालाच चढलीय!”

हॉल खदखदून हसला. उठलेली माणसं परत बसली. पडद्यावरची बाई झाडता झाडता मध्येच खाली टेकली, तर आणखी हशा. एरिफाझीनं समाधानानं मुलीकडे पाहिलं. तिची जागा रिकामी होती.

पडद्यावर एक लहान मुलगी दारात येऊन विचारत होती, “आई, काय झालं?”

बाईनं छातीवरचा हात पटकन काढला. “काही नाही गं. खराट्यात काडी अडकली.”

लोक अक्षरशः लोळले. एरिफाझीच्या हातातला माईक मात्र तसाच राहिला. हे वाक्य त्याच्या घरातलं होतं. एसेझाचं, त्याच्या गेलेल्या बायकोचं. शेवटच्या वर्षात ती अशीच झाडता झाडता बसायची.

“थांबा,” तो माईकवर म्हणाला. “हसू नका. ती आजारी आहे.”

लोक त्यालाही हसले. बाईला खोकल्याची उबळ आली, ती खांबाला धरून वाकली. लोकांनी टाळ्या पिटल्या. “अरे, हसू नका म्हणतो ना, गाढवांनो!” तो किंचाळला, तर त्यावर शिट्ट्या. एकदा सांगून बसलेली सुरुवात आता त्याला आवरेना.

“बंद कर,” तो सेंपिजाला म्हणाला.

“वेड लागलंय? आत्ता तर कुठे रंग चढलाय!”

एरिफाझीनं स्वतःच मशीन बंद केलं. हॉलभर बोंब उठली. ती तशीच मागे टाकून तो बाहेर आला.

नाबोसा फणसाच्या झाडाखाली उभी होती. “झालं समाधान?”

“ते काडीचं तुला कुठून कळलं? तू लहान होतीस.”

“दारामागून बघायचे मी. तुम्ही झोपलेले असायचात. रात्रभर इथं बोलून दमलेले.”

एरिफाझी फणसाच्या मुळावर बसला. मग म्हणाला, “मलाही सांगायची ती तसंच. अगं, मला वाटायचं खरंच काडी अडकते. मी तिला नवा खराटा आणून दिला होता.”

नाबोसानं वडिलांकडे पाहिलं. राग तिच्या चेहऱ्यावरून गेला नव्हता.

“चल,” तो म्हणाला. “पहिल्यापासून लावू.”

आत येऊन त्यानं माईकची वायर उपटली आणि पडद्यापुढे उभा राहिला. “चूक माझी. मी तुम्हाला खोटं सांगितलं. ही बाई आळशी नव्हती.” एवढंच बोलला. शिव्या घालत निम्मी माणसं उठून गेली. सेंपिजानं कपाळावर हात मारला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

अंगण आलं. बाई झाडू लागली. या वेळी खराट्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत होता.

एरिफाझी लोकांमध्ये एका बाकावर जाऊन बसला. नाबोसा येऊन त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघांच्या मध्ये एका माणसापुरती जागा राहिली. उशिरा आलेला एक जण तिथं बसायला वाकला, त्या दोघांकडे पाहून थबकला, आणि मागे जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.