सोयर नसलेला शुक्रवार

लोक सहलीला निघताना हवामान बघतात, आम्ही भावबंदांच्या सुना बघतो. डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत मिळून आमच्या भावकीची एकेचाळीस घरं. त्यांतल्या कुठल्याही घरात मूल जन्मलं की एकेचाळीस घरांना दहा दिवस सोयर, आणि कोणी गेलं की तेवढंच सुतक. तोवर देवळाची पायरी चढायची नाही.

आता देवळाची पायरी न चढता सहल होऊ शकते, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही माझ्या पत्नीला, पद्मावतीला, ओळखत नाही. आमच्या घरची सहल कुळदेवीपासून सुरू होते. त्यातून आमची नात सिद्धी तापातून उठली तेव्हा पद्मावतीनं देवीला ओटी बोललेली. तेव्हा आधी फोंड्याकडे देवीचं दर्शन, मग पोरांना काय हवं ते. पोरांना हवा होता काणकोणातल्या एका हॉटेलचा स्विमिंग पूल. पेडण्यात आख्खा समुद्र फुकट पडलेला असताना त्यांना तळाशी निळी फरशी असलेलं पाणी पाहिजे होतं, आणि त्या पाण्यात त्यांचा बाप पाहिजे होता.

घोडं अडत होतं ते बापापाशी. माझा मुलगा प्रज्योत जहाजावर असतो. सात-आठ महिने पाण्यावर, मग थोडे दिवस घरी. मागच्या तीन सुट्ट्यांत तीनदा सहल ठरली. पहिल्यांदा भावकीत मुलगी झाली. दुसऱ्यांदा जुळे झाले. तिसऱ्यांदा एक चुलत आजी गेली. ती आजवर होती, हे आम्हाला तिच्या जाण्यामुळेच कळलं. तिन्ही वेळा भरलेल्या बॅगा उघडल्या, आणि सोयर-सुतक फिटेपर्यंत प्रज्योत जहाजावर परत गेला होता.

या खेपेला त्याला सोमवारी निघायचं होतं. हातात एकच शुक्रवार आणि एकच शनिवार. पाच वर्षांचा नातू साईश बुधवारपासून पोहण्याचा चष्मा लावूनच जेवत होता. नऊ वर्षांच्या सिद्धीनं मात्र बॅग भरायला नकार दिला. ती साईशला शांतपणे म्हणाली, "काढ तो. कोण तरी मरतलं."

लहान तोंडी असलं बोलणं बरं नव्हे, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण पोरगी अनुभवानं बोलत होती. प्रज्योत उठला आणि सकाळी धुतलेली गाडी पुन्हा धुऊ लागला.

मग घरातल्या बायकांनी सहल हातात घेतली. आमची सून प्रिया हुशार. तिनं मोबाइलवर याद्या केल्या: औषधं, कोरडे कपडे, गाडीत उलटी झाली तर पिशव्या. पद्मावतीनं एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला भावकी मांडली. कोण पोटुशी, कितवा महिना, कोण अंथरुणावर. जनगणनेवालेही इतकं विचारत नाहीत. निष्कर्ष असा निघाला की धोका दोनच ठिकाणी आहे. सुर्ल्याच्या विनिताला नववा लागला होता आणि कोरगावचे रघुनाथकाका चौऱ्याण्णवचे होते.

विनिताकडे आम्ही लाडू घेऊन गेलो. डॉक्टरांनी सत्तावीस तारीख दिली होती, म्हणजे अजून पंधरा दिवस. तरी पद्मावतीनं तिला जिने चढू नको, वजन उचलू नको, गुरुवार-शुक्रवार तर कुशीसुद्धा सांभाळून बदल, असं बजावलं. विनिताला एवढी माया सहन होईना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही खाली मान घालून चहा प्यालो.

तिथून कोरगाव. रघुनाथकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, भावकीत सगळ्यांत वडील. घरापुढच्या बल्कांवात कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून काजू सोलत बसले होते. पद्मावतीनं त्यांची झोप विचारली, भूक विचारली, पायावर सूज आहे का ते वाकून बघितलं. काकांनी सगळी उत्तरं दिली आणि मग माझ्याकडे वळले.

"कृष्णनाथा, माझी चौकशी करूक इलंस, काय तारीख विचारूक?"

मी साईशच्या चष्म्यापासून सिद्धीच्या रिकाम्या बॅगेपर्यंत सगळं सांगून टाकलं. चौऱ्याण्णव वर्षांच्या माणसाशी खोटं बोलायचं म्हणजे त्यानं ते आधी कुठंतरी ऐकलेलंच असतं. काकांनी हातातला काजू संपवला.

"शुक्रवारपर्यंत मी खंय जाणंय नाय," ते म्हणाले. "पण माका सोबत घेऊन चला. देवीचां दर्शन घेऊन बारा वर्षां झाली. आणि मी गाडीत असलंय म्हणजे तुमका माझी काळजी नको."

युक्तिवाद बिनतोड होता. प्रियाच्या यादीत एक माणूस, एक काठी आणि एक उशी वाढली.

तरी विनिताची टांगती तलवार होतीच. त्यावर उपाय आमच्या भटजींनी सुचवला. सोयर ऐकल्यापासून धरायचं, असा त्यांनी निर्वाळा दिला. ऐकलं की आंघोळ करायची आणि तिथून दिवस मोजायचे. ऐकलंच नाही तर काय, हे ते बोलले नाहीत. पद्मावतीला न बोललेलं चांगलं ऐकू येतं. शुक्रवारी पहाटे पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजायच्या आत तिनं घरातले चारही फोन बंद करून बिस्किटांच्या डब्यात घातले आणि डब्यावर स्वतः बसली. पूर्ण प्रवासभर.

फोन नाही म्हणजे नकाशा नाही. जगातली निम्मी बंदरं बघितलेल्या माझ्या मुलानं फोंड्याचा रस्ता दोनदा चुकवला. साईशनं दोन पिशव्या वापरल्या. सिद्धी खिडकीबाहेर बघत होती; अजून तिचा विश्वास बसला नव्हता. वाटेत एका हॉटेलात भाजी-पाव खायला थांबलो. काका हात धुवायला म्हणून मागे गेले ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा चहा निवला होता. त्यांनी तो तसाच प्यायला.

देवळात पोचलो. तळीवर पाय धुताना काकांनी एकदम गुडघा धरला. पायऱ्या चढवणार नाहीत म्हणाले. पद्मावतीनं खूप सांगितलं. प्रज्योत त्यांना उचलून न्यायला तयार होता. काका ऐकेनात. तुम्ही पोरीची ओटी भरा, मी इथनं हात जोडतो, म्हणाले, आणि दीपस्तंभाच्याही अलीकडे एका दगडावर जाऊन बसले. आत ओटी भरली, प्रसाद मिळाला. सिद्धीनं बापाचा हात धरला तो सोडलाच नाही. बाहेर येऊन बघतो तर काका तसेच बसलेले, काठी मांडीवर, हात जोडलेले. मला वाटलं, वय झालं.

काणकोणला पोचेपर्यंत दुपार उतरली होती. पोरं बापासकट पाण्यात पडली, ती पुन्हा काही वर येईनात. प्रियाही उतरली. पद्मावती काठावरच्या खुर्चीत पदर सावरून डब्यावर बसली होती. तिचं नियोजन पार पडलं होतं, पण डब्यावरून उठायची सवय मोडली होती. काका पाण्यात पाय सोडून बसले होते, ज्या गुडघ्यानं पायऱ्या चढवल्या नाहीत तो गुडघा मजेत हलवत. मी शेजारी जाऊन बसलो.

"काका, गुडघा?"

"गुडघ्याक काय झालां?" काका म्हणाले. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी एक बटणांचा लहानसा फोन काढून दाखवला. "विनिताक झील झालो. सकाळी साडेनवाक. तिच्या सासऱ्यान तुमका फोन केले, कोण उचलीना. मगे माका केलो."

भावकीतली बातमी आधी सगळ्यांत वडील माणसाला कळवायची, ही आमची पिढीजात पद्धत. आम्ही चार फोन डब्यात घातले आणि ज्याच्याकडे बातमी हमखास येणार त्याला उशीसकट गाडीत बसवलं. आणि त्या माणसानं विनिताला मुलगा झाल्याची ती बातमी भाजी-पावापासून देवळापर्यंत, देवळापासून काणकोणापर्यंत एकट्यानं सांभाळली. बारा वर्षांनी देवीच्या दारात आला आणि दगडावर बसला.

काकांनीच विषय संपवला. पोरीचा चेहरा बघितलास का, एवढंच म्हणाले. मी बघितला. सिद्धी बापाच्या खांद्यावर उभी राहून पाण्यात उडी टाकायला नाक धरून तयार होती आणि प्रज्योत मोठ्यानं आकडे मोजत होता.

"पद्मावतीला सांगू?"

"सांग. आता काय देऊळ नाय. पण ऐकल्यावर तिका आंघोळ करूची लागतली," काका म्हणाले, आणि निळ्या पाण्याकडे बघितलं.

मी जाऊन सांगितलं. पद्मावतीनं आधी काकांकडे बघितलं. मग ती डब्यावरून उठली. खोलीत बाथरूम आहे, गरम पाणी आहे, हे मी तिला सांगणार होतो. पण ती काकांसमोरून गेली, वाकून त्यांच्या ओल्या पावलांना हात लावला आणि तशीच, काठपदराच्या साडीत, एकेक पायरी उतरत पाण्यात शिरली. खांद्यापर्यंत. मग तिनं डोळे मिटून बुडी मारली.

काठावरच्या पोऱ्यानं शिट्टी वाजवली. साडी नेसून पाण्यात उतरायची परवानगी नव्हती, तसा फलक होता.

"सोयर आसा," काकांनी त्याला समजावलं. तो ओडिशाचा होता. त्यानं आणखी एकदा वाजवून बघितली.

पद्मावती वर आली तेव्हा अंबाडा सुटला होता आणि साडी फुगून चारी बाजूंनी तरंगत होती. साईश चष्म्यातून तिच्याकडे बघतच राहिला. सिद्धी बापाच्या खांद्यावरून घसरली, ओरडत आजीकडे पोहत आली आणि तिच्या गळ्यात पडली. मी तिला आनंदाची बातमी सांगितली: विनिताकाकीला बाळ झालं, म्हणून आजीची ही आंघोळ.

सिद्धीनं पाणी थुंकलं, जरा विचार केला.

"आजो," तिनं विचारलं, "काकीक दुसरं बाळ केन्ना होतलं?"