मागच्या दारासमोरचं झाड

ओमानमधल्या निझव्याच्या जुन्या गावातल्या गेस्टहाऊसचा फोटो पूर्वाने मोबाइलवर दाखवला, तेव्हा तिच्या आईने, जयवंतीने, नुसत्या दरवाज्यावरून घर ओळखलं. वडिलांची साठी झाली होती, व्हिसा संपत आला होता आणि पुढच्या आठवड्यात आईवडील मस्कत सोडून कायमचे देवरुखला निघणार होते. त्याआधी सगळ्यांनी एखादी रात्र कुठेतरी मजेत काढावी, एवढाच लेकीचा बेत. ती समुद्राकाठच्या सलालाहचं म्हणत होती. जयवंती म्हणाली, "मला इथंच जायचंय." हॉटेलचं नाव काढलं की नाक मुरडणारी बाई हट्टाला पेटली म्हटल्यावर पूर्वाने लगेच बुकिंग केलं. जयवंतीचा नवरा ओमप्रकाश मात्र शेवटपर्यंत सलालाहच बरं म्हणत राहिला.

लग्नानंतर ती दोघं याच घरात राहिली होती. अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, कुटुंब सिमेंटच्या नव्या बंगल्यात गेलं आणि हे मातीचं घर त्याने आपल्या इलेक्ट्रिशियनला, म्हणजे ओमप्रकाशला, राहायला दिलं. तेव्हा या गल्लीत फुकट राहायलाही कुणी तयार नसे. पाऊस झाला की भिंतीचे पोपडे आमटीत पडायचे. आता त्याच भिंतींचं कौतुक इतकं, की जावईबापू अजिंक्य आल्या आल्या त्यांना टेकून फोटो काढत सुटले. जयवंतीच्या स्टोव्हच्या कोनाड्यात सुगंधी मेणबत्ती ठेवलेली होती. गरिबीला चुना लावून झाडूनपुसून ठेवली, की लोक ती हौसेने बघायला येतात.

जयवंती भिंती बघायला आली नव्हती. तिचं पहिलं बाळंतपण या घरात झालं होतं. मुलगा झाला, पण त्याची पाचवीसुद्धा पुजायला मिळाली नाही. एवढ्याशा बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. परमुलखात कुठे पुरायचं? अर्बाबच्या म्हाताऱ्या आईने कुणाला न विचारता मागच्या दारची आपली खजुराची बाग दाखवली. ओमप्रकाशने ते एकट्याने केलं. जयवंती आत खाटेवर होती, तिच्यात उठून बसण्याचंही त्राण नव्हतं. "मागच्या दारासमोरचं झाड आहे ना, त्याच्याखाली," एवढंच त्याने येऊन तिला सांगितलं.

थोड्याच दिवसांत ती दोघं मस्कतमधल्या रुवीला राहायला गेली. पुढे पूर्वा झाली, आणि तिला यातलं काही सांगायचं नाही असं न बोलताच ठरलं. जयवंती मधूनमधून निझव्याचा विषय काढी, ओमप्रकाश ड्युटीचं निमित्त सांगे. आता देश सोडून जायच्या आधी तिला एकदा त्या झाडाखाली बसून यायचं होतं. बाकी काही नको होतं.

खोलीत सामान ठेवल्यावर पूर्वा आणि अजिंक्य खाली पळाले. जयवंती तोंड धुवायला गेली, तेवढ्यात ओमप्रकाशने खाली येऊन मागचं दार उघडलं.

बाग नव्हतीच. दारासमोर निळ्याशार पाण्याचा पोहण्याचा तलाव होता, कडेने पांढऱ्या आरामखुर्च्या आणि चार-पाच खजुराची झाडं. ओमप्रकाशने नजरेनेच दारापासून अंतर धरलं. जिथे झाड होतं, बरोबर तिथे जावई पाण्यावर उताणा तरंगत होता. खोदताना मशीन किती खोल गेलं असेल, ती माती ट्रकमधून कुठे नेऊन ओतली असेल? ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? जागा अर्बाबची, घर अर्बाबचं. खाली काय आहे हे म्हातारीखेरीज त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

"अहो, कुठलं हो?" जयवंती मागे येऊन उभी होती. तिने नवी साडी नेसली होती आणि हातात गूळखोबऱ्याची डबी होती.

तिच्या तोंडाकडे बघून त्याला खरं सांगवेना. त्याने तलावाच्या डाव्या कडेच्या झाडाकडे बोट केलं. "ते बघ. ते."

जयवंती झाडाशी जाऊन खाली बसली. बुंध्याशी गूळखोबरं ठेवलं, खरखरीत सालीवर तळहात टेकला. "आम्ही जातो रे बाळा," ती पुटपुटली. "आता येणं नाही व्हायचं." ओमप्रकाश शेजारी उभा राहिला. बायकोला फसवल्याची लाज वाटत होती, आणि निदान तिचं मन तरी शांत झालं असंही वाटत होतं.

तेवढ्यात सफिया कॉफीचं तबक घेऊन आली. गेस्टहाऊस चालवणारी ही मुलगी अर्बाबची नात, मोठी गोड आणि बोलकी. "खाला, झाड पसंद आया?" ती कौतुकाने म्हणाली. "सब नया है. सहम गाँव से मंगाया, क्रेन से लगाया. पुराना सब सूख गया था, खलास. निकाल के पूल बनाया."

सफियाने दोघांच्या हातात इवल्याशा कपांतून कॉफी दिली आणि ती हसत आत गेली.

जयवंतीने कप तसाच खाली ठेवला. ती तलावाकडे बघत राहिली. पाण्यात पूर्वा हातपाय मारत होती. जयवंतीचे डोळे भरून आले, पण झाडावरचा हात तिने काढला नाही.

"अहो," ती म्हणाली, "हेच ना ते?"

तिने सगळं ऐकलं होतं, हे त्याला कळत होतं. ती काय मागते आहे तेही कळत होतं.

"हेच," तो म्हणाला.

तिने मान हलवली. पदराने डोळे पुसले.

"मग पोरीला बाहेर बोलवा. पुरे झालं पोहणं."

ओमप्रकाश काठाशी गेला. वाकून त्याने हाक मारली. "पूर्वा, ये बाळा बाहेर. आई बोलावतेय."

"पप्पा, फाइव्ह मिनिट्स!" पूर्वा ओरडली, आणि नाक धरून तिने पाण्याखाली बुडी मारली.