कपाळ बघून घेतलेली बोली

बायको, विद्याश्री, गेल्याचं कळलं तेव्हा श्रीधरराव बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये होते. लेथच्या आवाजात फोन ऐकू आला नव्हता. डबा खायला बसले तेव्हा विद्याश्रीबरोबर कोर्टात गेलेल्या पवित्राचे कितीतरी कॉल दिसले. त्यांनी लावला, तर ती पोर नुसती रडत होती. मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला आणि कन्नडमध्ये सांगितलं, की कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या बसल्या बाईंच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तक्रारदाराचा वकील त्या दिवशी आलाच नव्हता. रात्रभर बसमध्ये बसून विद्याश्री फक्त पुढची तारीख घ्यायला गेली होती.

खटला कशाचा, ते सांगायला हवं. बसवनगुडीतल्या घराच्या पुढच्या खोलीतून विद्याश्री एक पाक्षिक चालवायची, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. पवित्रा तिच्या हाताखाली बातम्या लिहायची. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या त्यांच्या मराठी समाजाचं एक देवीचं देऊळ आहे. नवरात्रात देवीला नेसवलेल्या साड्यांचा दसऱ्यानंतर सवाल होतो, म्हणजे लिलाव. ती साडी ज्या घरात जाते तिथे लग्न ठरतं, पाळणा हलतो, अशी समजूत आहे. बोली कुणीही लावावी, फक्त विधवेने लावायची नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. सवाल पुकारणारा रघुजी बाईचं कपाळ बघतो. कुंकू दिसलं की बोली घेतो. नाही दिसलं तर त्याला ऐकूच येत नाही. त्याच्या वडिलांनाही येत नसे.

एका वर्षी सकवारबाईंनी नातीच्या लग्नासाठी बोली लावली. नवऱ्यामागे यशवंतपूरच्या बाजारात मिरचीचं दुकान त्याच चालवतात आणि तिथल्या लिलावात त्यांचा आवाज पलीकडच्या गल्लीला ऐकू जातो. देवळात त्या ओरडून दमल्या. रघुजीने साडी कमी बोलीवर दुसरीला दिली. पवित्राने ते लिहिलं, विद्याश्रीने विश्वस्तांच्या नावांसकट छापलं. मग बदनामीच्या, भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या. त्याही बंगळुरात नाही, दूर सीमेकडच्या गावांतल्या कोर्टांत, जिथे ते पाक्षिक कुणी पाहिलंही नव्हतं. बातमी खोटी आहे असं कुणी म्हणत नव्हतं. दोन बायकांना दमवायचं होतं. त्यातली एक दमून गेली.

तिला घरी आणलं त्या दिवशी समाजातल्या बायका रांगेने आल्या. ज्यांनी वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं त्याही आल्या. ओटी भरली, मळवट भरला, पायाला हात लावले. "भाग्यवान हो, अहेव गेली. सोनं झालं," असं एकमेकींना सांगत राहिल्या. नवऱ्याआधी मेली, एवढ्यासाठी तिचे सगळे अपराध माफ झाले होते. सकवारबाई फाटकापाशी फुलं घेऊन उभ्या होत्या. त्यांना कुणी आत ये म्हटलं नाही. श्रीधररावांना त्या दिसल्या होत्या. पण त्यांच्या अंगात कुणाला काही सांगायचं त्राण नव्हतं.

विद्याश्रीवरचा खटला तिच्याबरोबर मिटला. पवित्रावरचा राहिला. शहरातल्या पत्रकारांनी तिच्यासाठी, आणि असेच खटले अंगावर घेऊन फिरणाऱ्या आणखी काही वार्ताहरांसाठी, निधी उभा करायचं ठरवलं. वस्तूंचा लिलाव करायचा. एकाने चित्र दिलं, एकाने जुना कॅमेरा, एका म्हाताऱ्या संपादकाने आपला टाइपरायटर. पुकारायला कोण, याचा फार विचार झालाच नाही. बोली चढवावी तर रघुजीनेच. तो आला तर समाजातले पैसेवालेही येतील, असं सगळ्यांना वाटलं.

रघुजी स्वतः घरी आला. डोळे पुसत म्हणाला, "अण्णा, विद्याअक्काने माझं नाव छापलं, छापू दे. पण माझ्या पोरीला कॉलेजात घाल म्हणून माझ्याशी भांडली ती तीच. एक रुपया घेणार नाही मी."

श्रीधरराव विद्याश्रीचा बातम्यांचा रेकॉर्डर देणार होते. त्यांची मोठी बहीण तुंगाबाई त्यांच्याकडेच राहते. ती म्हणाली, "ते यंत्र कोण घेईल रे? तिची हिरवी इरकली दे. अहेव गेलेलीची साडी, बायका तुटून पडतील."

"अक्का, याच असल्या गोष्टींवर ती लिहीत होती की."

"सरी, बरं, लिहीत होती. आता पोरीला वकील द्यायचाय ना? मग स्वल्प डोळे मीट."

तुंगाबाई पंचविशीत विधवा झाली. भावाच्या घरी आली, भावाचा संसार ओढला, देवळात कायम खांबामागे उभी राहिली. तिला उलट उत्तर देणं श्रीधररावांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी पवित्राला विचारलं. ती म्हणाली, "काका, मला पुढच्या तारखेला एकटीला जायची भीती वाटते हो." श्रीधररावांनी साडी काढून दिली.

लिलाव बसवनगुडीतल्या एका हॉलमध्ये झाला. रघुजीने पहिल्या वस्तूपासून लोकांना हसवत ठेवलं. "कॅमेरा जुना आहे साहेब, पण तुमच्यापेक्षा तरुण!" टाइपरायटर घेणाऱ्या वकिलाला म्हणाला, "आता नोटीस यावर टाइप करा, उत्तर यायला तेवढाच उशीर!" समाजाची माणसं पुढच्या रांगांत होती, एका विश्वस्ताची बायकोही होती. खटल्याचं नाव कुणी काढत नव्हतं. सगळे पुण्य करायला आले होते.

मग साडी आली. रघुजीने ती दोन्ही हातांवर धरली, कपाळाला लावली आणि देवळातल्या आवाजात म्हणाला, "अहेव गेलेल्या माउलीची साडी! बोला!"

श्रीधररावांनी मान खाली घातली. बोली चढत गेली. शेवटी विश्वस्ताची बायको आणि एक ज्वेलरच्या घरची सून एवढ्या दोघीच उरल्या. पवित्राच्या वकिलाची वर्षभराची सोय होईल इतकी बोली गेली होती. सून थांबली.

"एक वार," रघुजी म्हणाला.

"माझे दोन हजार वर!" मागून आवाज आला. सकवारबाई उभ्या होत्या.

रघुजीने त्या दिशेला पाहिलं. नजर त्यांच्या कपाळापाशी गेली आणि सरकून पुढे आली. "दोन वार," तो विश्वस्ताच्या बायकोकडे बघून म्हणाला.

"अरे रघू, कान गेले का तुझे? दोन हजार वर म्हणते!"

पुढच्या रांगेतल्या बायका पदर सारखे करायला लागल्या. मागचे पत्रकार एकमेकांकडे बघत होते. त्यांना काय चाललंय ते कळतच नव्हतं. पवित्राला कळलं होतं. तिने श्रीधररावांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

रघुजी मुद्दाम करत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. ज्या बोलीपायी विद्याश्रीने जीव घालवला, तीच बोली तिच्याच नावाच्या लिलावात तो गाळत होता, आणि हे त्याला समजत नव्हतं, इतकी ती सवय मुरली होती.

श्रीधरराव उठायला लागले तशी तुंगाबाईने त्यांची बाही धरली. "बस खाली. ही सगळी उठून जातील. पोरीचं नुकसान करशील."

"अक्का, सोड."

"मी कधी आवाज काढला का देवळात? एकदा तरी? मग हिलाच काय एवढं?"

बोलताना तिचा आवाज फाटला. श्रीधररावांनी बाही सोडवून घेतली.

"रघुजी, सकवारबाईंची बोली घे."

"अण्णा, घेतली असती हो. पण साडी ही अशी... उद्या कुणाच्या लग्नात..."

"साडी माझ्या बायकोची आहे. बोली घे."

विश्वस्ताची बायको उठली. "विधवेच्या बोलीवर बोली आम्ही चढवत नाही," एवढंच म्हणाली आणि निघाली. तिच्यामागे रांग उठली. चपला घालण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. अजून निम्म्या वस्तू टेबलावर होत्या.

रघुजीने तोंड उघडलं, पण आवाज निघेना. दोनदा प्रयत्न केला. साडी टेबलावर ठेवून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आता तीन वार कोण म्हणणार?" सकवारबाई म्हणाल्या. "गुडघे दुखतात माझे, मी काय रात्रभर उभी राहू?"

कुणीतरी हसलं. श्रीधरराव टेबलापाशी गेले. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. सकवारबाईंकडे बघून ते म्हणाले, "एक वार. दोन वार." घसा साफ केला. "तीन वार."

सकवारबाईंनी साडी घेतली. "नेसणार आहे मी ही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "नातीला देईन नंतर. आधी मी."

पवित्रा रडत होती. उरलेल्या वस्तू पत्रकारांनीच आपापसांत घेतल्या, जेमतेम भावाने. जो निधी जमला तो इतर वार्ताहरांतही वाटायचा होता.

वाचकहो, अशा गोष्टीत शेवटी काहीतरी जिंकलेलं असावं, असं तुम्हाला वाटत असेल. विद्याश्रीच्या माघारी तिच्या घरात मात्र तसं काही झालेलं नाही. पाक्षिक पवित्रा काढते, कधी वेळेवर, कधी उशिरा. तारखेला श्रीधरराव तिच्याबरोबर जातात आणि तिच्या शेजारी बाकावर बसून असतात. वकील अर्ध्या पैशांत येतो, म्हणून कधी कधी येत नाही. यंदाच्या दसऱ्यानंतर देवळात सवाल झाला. रघुजी आला नाही, दुसऱ्याने पुकारला. त्यानेही कपाळं बघितली.

खटला उभा आहे. तुंगाबाई अजून खांबामागे उभी राहते, आणि तिला हाताला धरून पुढे आणायचं श्रीधररावांकडून अजून झालेलं नाही.