कोकिळाच्या चॉकलेटची साखर

माझ्या हातचे मांडे तुम्ही खाल्ले नसतील, तर तुमचं नुकसान. खापर पालथं घालून त्यावर पुरणाचा मांडा भाजायचा, तोही हात-दीड हात रुंद आणि ओढणीसारखा पातळ. आमच्या तापीकाठच्या पाच-सात गावांत हे काम माझ्यासारखं कुणाला जमत नव्हतं. हे मी स्वतःच सांगते आहे, कारण ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांनी सांगणं बंद केलं होतं.

बंद झालं ते धाकटी जाऊ आल्यापासून. कोकिळा नंदुरबारची. तिच्या माहेराशेजारी रेल्वेतल्या एका पारशी गार्डाचं बिऱ्हाड होतं, त्याच्या बायकोने तिला चॉकलेट करायला शिकवलं होतं. लग्नात बाकीच्या मुली भांडी आणतात, ही कोकोचा डबा घेऊन आली. साखरेचा एकतारी पाक करायचा, त्यात लोणी घालायचं, दुधाची भुकटी आणि कोको चाळून टाकायचा, गोळा सुटू लागला की तूप लावलेल्या ताटात थापून वड्या पाडायच्या आणि वर पिठीसाखर भुरभुरायची. बस, एवढंच. खापर तापवणं नाही, पुरण वाटणं नाही, पदराला घाम पुसणं नाही. बर्फीला काळं फासलं की झालं चॉकलेट. पण पहिल्यांदा तिने ते केलं त्या दिवशी घरातली गडीमाणसं चुलीपाशी येऊन उभी राहिली. माझे मालकसुद्धा. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्या मांड्यांसाठी हा माणूस कधी चुलीपर्यंत आला नव्हता.

मी तेही गिळलं. पण एकसष्ट सालच्या माघात कोकिळाच्या भावाचा साखरपुडा ठरला. आमच्या घरची रीत अशी की सोयऱ्यांकडे कार्य असलं की आपल्याकडून मांड्यांची दुरडी जायची, आणि ती मीच करायची. मी गहू भिजवायला काढले, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "या खेपले मांडा ऱ्हाऊ दे, रंजना. कोकिळाना हातना चाकलेट ली जा."

वर मला सांगितलं की थोरली म्हणून सोबत तू जा. म्हणजे दुरडी तिची आणि ओझं वाहायला मी. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्या घरात माझं म्हणून जे काही होतं ते त्या दुरडीत होतं, दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोकिळा चॉकलेटच्या तयारीला लागली. वड्या भरपूर करायच्या होत्या, म्हणून पिठीसाखरही भरपूर लागणार होती. ती मला म्हणाली, ताई, तेवढी साखर वाटून द्याल का. आमच्याकडे दोन पाटे होते. एक गोडाचा, एक तिखटाचा. तिखटाच्या पाट्याला नुकतीच छिन्नीने टोचून टाकी लावून घेतली होती, त्याच्या प्रत्येक खड्ड्यात मिरची बसलेली. मी तो ओल्या फडक्याने पुसला, लाल रंग दिसेनासा होईपर्यंत पुसला, वाळू दिला, आणि त्याच्यावर साखर वाटली. चुकून नव्हे. मला माहीत होतं मी काय करते आहे. वाटता वाटता मी गुणगुणत होते. साखर पांढरीशुभ्र दिसत होती. कोकिळाने ती वड्यांवर भुरभुरली, डबा भरला आणि फडक्यात बांधला. देवापुढे ठेवायच्या आधी चाखायचं नाही म्हणून तिने एक कणही जिभेवर ठेवला नाही.

नावेने तापी ओलांडून पलीकडे एस.टी. धरली आणि दुपारी नंदुरबारला उतरलो. गावाबाहेर मैलभर मिरच्या वाळत पडलेल्या, सगळी जमीन लाल. मला शिंकांवर शिंका. कोकिळाला एकही नाही, ती तर छाती भरून श्वास घेत होती.

आणि खरं सांगते, ते गाव मला आवडलं. आवडलं म्हणून जास्त राग आला. विजेचे दिवे, घरात नळ, काचेच्या बरण्यांची दुकानं, टांग्यांच्या घंटा. हिने हे सगळं लहानपणापासून फुकटात पाहिलं आणि मी बत्तीसाव्या वर्षी डोळे फाडून बघत होते. संध्याकाळी कोकिळा मला स्टेशनवर घेऊन गेली. सुरतेची गाडी येताना दाखवली. फलाटावर कपबशीतला चहा पाजला, आणि माझ्या बशीतला चहा गार होईपर्यंत स्वतः प्यायली नाही. मग बाजारात नेऊन माझ्या हातात अंजिरी बांगड्या भरल्या. ओळखीची बाई भेटली की ती थांबायची आणि सांगायची की या माझ्या जाऊबाई, यांच्यासारखे मांडे तुम्ही कुठे पाहिले नसतील. तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मात्र वाटलं, घरी जाऊन तो डबा मोरीत उपडा करावा. पण मग लगेच वाटलं, गाव हिचं, माणसं हिची, माझं कौतुकदेखील हिच्याच तोंडून, हिने माझं स्वतःचं असं काय ठेवलं? मी डबा उपडा केला नाही.

साखरपुड्याच्या दिवशी ओसरी बायकांनी भरली होती. डबा देवापुढे ठेवून झाला. कोकिळाची आई वत्सलाबाई, मोठी खणखणीत बाई, तिने डबा उघडला आणि सगळ्यांना थांबवलं.

"पहिला मान थोरली जाऊना," ती म्हणाली. "त्यासनं तोंड गोड होऊ द्या, मंग बाकीनं."

त्यांच्याकडे ही रीत होती, मला कुणी सांगितलं नव्हतं. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि स्वतः वत्सलाबाईने वडी माझ्या तोंडात घातली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. आधी गोड लागलं. मग कोकोचा कडवटपणा, आणि मग घशात जाळ. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वत्सलाबाईला वाटलं मानाने माझं मन भरून आलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्या वेळी बोलायला हवं होतं. साखर माझ्यामुळे नासली, एवढे तीन शब्द. ते मला आले नाहीत. मी मान हलवली आणि छान आहे असं दाखवलं.

कोकिळा माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने एक वडी उचलून कोपरा चावला. थांबली. माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही, आणि डब्याचं झाकण लावलं.

"माय, या चाकलेट ताईसकरता शेतस," ती म्हणाली. "त्यासले भू आवडतस. पाव्हनासले पेढाच दे."

सगळी चॉकलेटं एकट्या ताईंना फार आवडतात म्हणून, हे ऐकून बायका हसल्या. आईने तिला भर ओसरीत झापलं की पाहुण्यांपुढे आणलेला डबा कुणी मागे घेतं का, सासरी जाऊन हेच शिकलीस का. कोकिळाने मान खाली घालून सगळं ऐकलं आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला. मग पेढे वाटायला निघून गेली.

ती चार दिवस माहेरी राहिली, मी एकटीच परत आले. नावेत बसल्यावर डबा तापीत सोडायचं मनात होतं, पण नावाडी ओळखीचा होता, त्याने गावभर केलं असतं. डबा घरी आणला आणि माझ्या ट्रंकेत साड्यांखाली दडवला. मला लाज वाटत होती आणि त्या लाजेतही हेवा होता. हिच्यापुढे हातानेही हरले आणि मनानेही हरले, आता आणखी काय उरलं होतं हरायला?

ते सासूबाईंनी दाखवलं. मी उंबरा ओलांडते न ओलांडते तोच त्यांनी विचारलं, "चाकलेट कसं लागनं व्याहीले?"

खरं सांगितलं असतं तर डबा उघडला असता, साखर चाखली असती, पाट्यापर्यंत गोष्ट गेली असती. मी म्हणाले, "भू आवडनं. एकबी वडी उरनी नही."

सासूबाई खूश झाल्या. म्हणाल्या, मग आता म्हसावदला नणंदेच्या घरी बारसं आहे तिथेही तेच धाडू, आणि यापुढे दुरडी कोकिळाचीच. माझ्याच तोंडाने मी माझी दुरडी देऊन टाकली होती. खापर मी त्याच दिवशी माळ्यावर टाकलं.

कोकिळा परत आली तेव्हा सासूबाईंनी तिला हा निरोप सांगितला. मी चुलीपुढे पाठ करून बसले होते. आता ती बोलणार, म्हणून माझे कान तापले.

"मी करसू," कोकिळा म्हणाली. "पन साखर ताईसनीच वाटाले पाहिजे."

तिने मला माफ केलं होतं की जन्मभरासाठी टोचून ठेवलं होतं, हे मला आजही उमगलेलं नाही. तिच्या आवाजात दोन्हींतलं काही नव्हतं. मी उठले, गोडाचा पाटा काढला. त्याला मिरची कधी शिवलीदेखील नव्हती, तरी तो तीन पाण्यांनी धुतला, आणि ती बघते आहे ना याची खात्री करून मगच साखर वाटायला बसले.