आईचं विरजण

हैदराबादला लेकीकडे निघताना मंदाकिनीबाईंनी नवऱ्याला गॅस, पाणी, दाराचं कुलूप यांबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. ते सगळं देवाच्या भरवशावर सोडलं. सूचना दिल्या त्या फक्त दह्याच्या. दही खायला घेण्याआधी त्यातलं चमचाभर वाटीत काढायचं, वाटीवर झाकण ठेवायचं आणि ती वाटी ओट्याच्या कोपऱ्यात सरकवायची. संध्याकाळी दूध कोमट करायचं, बोट बुडवून बघायचं, बोटाला सोसलं तरच वाटीतलं विरजण दुधात घालायचं. रिक्षा खाली उभी असताना त्यांनी हे दोनदा सांगितलं. श्यामसुंदर म्हणाले, की ज्यानं बँकेत जन्म काढला त्याला दही लावायला शिकवू नये. बँकेचा आणि दह्याचा संबंध काय, हे विचारायला बाईंना वेळ नव्हता, आणि एरवीही त्यांनी विचारलं नसतं.

ते विरजण साधंसुधं नव्हतं. ते श्यामसुंदरांच्या आईचं होतं. कसबा पेठेतलं घर धाकट्या भावाकडे सोडून हे दोघं वारज्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा आईनं सुनेच्या हाती दह्याचा डबा दिला होता. पुढे आई गेली. तिची लुगडी वाटून झाली, चष्मा कुठल्याशा खणात हरवला, पण दही मात्र कालच्यातून आजचं आणि आजच्यातून उद्याचं असं लागत राहिलं. पाहुण्याच्या पानात ते पडलं रे पडलं, की श्यामसुंदर त्याची वंशावळ सांगायला बसत. पाहुण्याला मठ्ठा हवा असे, मिळे इतिहास. पण थट्टा बाजूला ठेवली तर खरं हेच, की आईचं म्हणावं असं त्या घरात तेवढंच जिवंत उरलं होतं, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर संपू नये असं त्यांना फार वाटे.

पहिले एक-दोन दिवस बरे गेले. मग एका दुपारी सोसायटीच्या चेअरमनचा, वैजनाथचा, फोन आला.

श्यामसुंदरांनी भांड्यातलं सगळं दही घेऊन नुकताच भात कालवला होता. विरजण आधी वाटीत काढलं होतं, झाकणही ठेवलं होतं, म्हणजे माणूस शिस्तीचा. वैजनाथचं म्हणणं होतं, की श्यामसुंदरांची स्कूटर पाहुण्यांच्या जागेत उभी असते. श्यामसुंदरांचं म्हणणं होतं, की सोसायटीत पाहुणे येत नाहीत, कारण आल्यावर त्यांना चेअरमन भेटतो. असा विषय निघाला की त्यांना बसून बोलता येत नसे. एका हातात फोन, दुसऱ्या हातात दहीभाताचा वाडगा, अशा त्यांच्या बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि तिथून गॅलरीत फेऱ्या सुरू झाल्या. वाद रंगला. फोन कानाखांद्यात धरून घास घेता येतो हा शोध त्यांना त्याच दिवशी लागला. नियमावलीतलं एक कलम त्यांनी वैजनाथला तोंडपाठ म्हणून दाखवलं, तेव्हा पलीकडे वैजनाथ कागद चाळू लागला आणि श्यामसुंदरांनी विजयाच्या आनंदात ओट्याला टेकून आणखी एक चमचा तोंडात घातला.

चमचा तोंडात असतानाच त्यांना कळलं. वाडगा तर मघाशीच संपून गॅलरीत राहिला होता. हातात झाकणाची वाटी होती, झाकण ओट्यावर होतं, आणि वाटी इतकी लख्ख होती की घासायची गरज नव्हती.

त्यांनी फोन ठेवला. वैजनाथला वाटलं, श्यामसुंदर हरले.

खालच्या दुकानातून पिशवीतलं दही आणून दूध विरजलं असतं तर मंदाकिनीला कदाचित कळलंही नसतं. हा विचार त्यांच्या मनात आला, नाही असं नाही. पण आईचं काय? जी बाई तापानं फणफणत असताना उठून दूध विरजायची, तिचं दही आपण पार्किंगच्या भांडणात खाऊन टाकलं, याची त्यांना विलक्षण लाज वाटली. मग आठवलं, की हेच विरजण आईनं धाकट्या सुनेला, अस्मितालाही दिलेलं होतं. अस्मिता कसब्यातल्या त्याच घरात राहत होती. पण दुपारी तिथली बेल वाजवणं म्हणजे नातं तोडणं. चार वाजेपर्यंत त्यांनी कशीबशी कळ काढली आणि मग स्कूटर काढली.

अस्मितानं चहा केला. श्यामसुंदरांनी इकडचं तिकडचं बोलून, जणू सहज सुचलं अशा थाटात, चमचाभर विरजण मागितलं. आमचं आहेच म्हणा, असंही वर सांगितलं. अस्मिता आत गेली ती बाहेर येईना. शेवटी कप ठेवायचं निमित्त करून ते स्वयंपाकघरात डोकावले, तर ती कात्रीनं पिशवीचा कोपरा कापून स्टीलच्या वाटीत दही ओतत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अस्मितानं कात्री खाली ठेवली आणि सरळ कबूल केलं, की आपलं विरजण कधीच मोडलं, एकदा गावाला गेलो होतो तेव्हा. वहिनी आल्या की ती पिशवीतलंच दही जुन्या भांड्यात ओतून त्यांच्यापुढे ठेवत होती, आणि वहिनी ते खाऊन, आईंची चव काही औरच, असं म्हणत होत्या. भाऊजींनी कृपा करून ही गोष्ट वारज्याला नेऊ नये. श्यामसुंदरांना रागवायचं होतं, पण ज्याच्या पोटात खुद्द विरजण आहे त्यानं रागवायचं कोणत्या तोंडानं? त्यांनी आपलीही कहाणी सांगून टाकली. दोघांनी एकमेकांना गप्प राहायचं वचन दिलं. मग अस्मितानंच आठवण करून दिली, की तुमच्याच इमारतीत तळमजल्यावर मैत्री राहते, वहिनींनी तिलाही दिलंय. काखेत कळसा, आणि हे कसब्यापर्यंत हिंडून आले.

मैत्री कोर्टात नोकरीला होती. श्यामसुंदर पोचले तेव्हा ती नुकतीच घरी आली होती आणि बाहेर दिवे लागत होते. त्यांनी दारातच विरजण मागितलं. आहे की, मैत्री म्हणाली, रोज लावते, सासूबाईंना त्याशिवाय जेवण जात नाही. श्यामसुंदरांना हायसं वाटलं. कसब्यात परजातीच्या घरचं पाणीही न पिणारी त्यांची आई, आणि तिचं दही वाढलं, टिकलं ते मैत्रीच्या घरी. आई यावर काय म्हणाली असती ते त्यांना ठरवता येईना. पण टिकलं ना, मग झालं, असं त्यांनी आईच्या वतीनं ठरवून टाकलं आणि वाटी पुढे केली.

"आत्ता नाही मिळणार, काका. सकाळी या."

का, म्हणून त्यांनी विचारलं.

"तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर जात नाही. मी हे असलं काही मानत नाही, पण काकूंनी मला दिलं तेव्हा ही अट घालून दिलं होतं. अट म्हणजे अट."

श्यामसुंदरांनी विनवलं. मैत्री ढळली नाही. कोर्टात तिनं याहून हुशार माणसं परत पाठवली होती. तेव्हा त्यांचा धीर सुटला. ते आत येऊन खुर्चीत बसले आणि आईची शेवटची खूण आपण कशी गिळली ते अथपासून इतिपर्यंत सांगून गेले. मैत्री आधी गंभीर होती. मग तिच्या ओठांचे कोपरे हलू लागले. शेवटी तिनं ओढणीत तोंड लपवलं आणि पोटभर हसून घेतलं.

मग तिनं जे सांगितलं ते असं. निघायच्या आदल्या दिवशी, बॅग भरण्याच्या घाईत, मंदाकिनीकाकूंनी कढत दुधातच विरजण घातलं होतं. दूध नासलं, विरजण गेलं, वाटीत मागे काही ठेवलेलं नव्हतं. काकू धावत खाली आल्या, पण दिवेलागण झाली होती आणि मैत्रीनं त्यांना त्यांचीच अट दाखवली होती. पहाटेची गाडी होती. काकूंनी पिशवीतल्या दह्यानं दूध विरजलं, आल्यावर तुझ्याकडून नेते म्हणाल्या, आणि ह्यांना कळू देऊ नकोस असं बजावून गेल्या.

"म्हणजे तुम्ही खाल्लंत ते दुकानातलं होतं," मैत्री म्हणाली. "मी सांगणार नव्हते. पण तुमचं तोंड बघवेना."

श्यामसुंदर जिने चढून घरी आले ते शीळ घालत. सकाळी त्यांनी विरजण आणलं, बोट बुडवून, बोटाला सोसेल असं दूध करून, दही लावलं. ते घट्ट लागलं, सायीचा थर धरून. पहिला चमचा तोंडात घेतला आणि आई पाटावर बसून ताक करताना दिसली. त्या वेळी घरात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी डोळे पुसायची तसदी घेतली नाही.

मग ते बायकोची वाट पाहू लागले. इतक्या आतुरतेनं त्यांनी तिची वाट लग्न ठरल्यावरही पाहिली नव्हती. टोमणा तयार होता. रोज आंघोळ करताना ते तो घासूनपुसून घेत.

मंदाकिनीबाई आल्या, हातपाय धुऊन पानावर बसल्या. श्यामसुंदरांनी स्वतः दही वाढलं. बाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. दुसरा अगदी हळू घेतला.

"कुठलं हो हे दही?"

"कुठलं म्हणजे? तू ठेवून गेलीस त्याचंच. आईचं."

बाईंनी भांड्यात डोकावून पाहिलं. त्यांना बोलता येणारच नव्हतं, आणि हीच तर गंमत बघायला श्यामसुंदर समोर बसले होते. पण बाईंनी तिसरा घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. हैदराबादला असताना एक रात्र धड झोप लागली नाही, त्या म्हणाल्या, सासूनं विश्वासानं दिलेलं आपल्या हातून गेलं म्हणून. आता श्यामसुंदरांनी गप्प राहायला हवं होतं. पण टोमणा इतके दिवस जपलेला.

"मैत्रीकडे गेलो होतो. तूही गेली होतीस. फक्त मी सकाळी गेलो."

बाईंनी पदरानं डोळे टिपले. पहिल्यांदा त्या खजील झाल्या, मग हसल्या, आणि हसता हसता मध्येच थबकल्या.

"पण तुम्ही कशाला गेला होतात?"

श्यामसुंदरांनी इतक्या दिवसांत टोमण्याचा शब्द न् शब्द तपासला होता. हा प्रश्न मात्र त्यांच्या स्वप्नातही आला नव्हता. ते पाण्याच्या तांब्याकडे पाहू लागले.

"वैजनाथचा फोन आला होता," ते म्हणाले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वाटी, झाकण, पार्किंगचं कलम, सगळं. ऐकून झाल्यावर दह्याचं भांडं उचलून त्यांनी नवऱ्यापुढे ठेवलं.

"आजपासून विरजण तुम्हीच लावायचं. आणि त्या वेळी फोन माझ्याकडे द्यायचा."

श्यामसुंदर मुकाट्यानं उठले, त्यांनी चमचाभर दही वाटीत काढलं आणि त्यावर झाकण ठेवलं.